मोठ्याने बोलल्याबद्दल

ता. १४, बुधवार

माझ्या लाडक्या लेकीस, घरच्या म्हातारीचे ओंजळभर आशीर्वाद. मी नि तुझी खारू, आम्ही दोघी खाऊनपिऊन धडधाकट आहोत. तूही रात्रपाळीला उपाशी राहत नसशील असं धरून चालते.

तर आज सगळ्यात आधी आली ती खालच्या मजल्यावरची शिलाईवाली. गळ्यात टेप तसाच, ओठांत टाचणी. मी म्हटलं, "अगं, आधी ती टाचणी काढ. गिळशील नि मला दवाखान्याच्या खेपा घालायला लावशील." तिनं टाचणी बाहीला टोचली नि म्हणाली, "आजी, हात जोडते, तुमच्या खारूला आवरा. माझ्या पोरीला नकोच ते प्रतिनिधीपद. आम्हाला त्याच शाळेत दिवस काढायचेत."

तू म्हणशील, कसलं प्रतिनिधीपद? अगं, फोनवर मी तोंड उघडलं की तू "आई, थोडक्यात सांग" म्हणतेस, आणि हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. शिवाय या घराच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे, खारूला सगळं ऐकू जातं. तुझ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीचा भाऊ उद्या तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते, एकेक अक्षर जुळवत लिहितेय.

आधी कौतुकाचं लिहिते. शाळेत वरच्या कचेरीतून पाहुणे यायचे होते, पोरांना नागरिकशास्त्र कितपत उमगलंय ते तपासायला. म्हणून त्या विषयाच्या बाईंनी वर्गाच्या प्रतिनिधीची खरीखुरी निवडणूक घेतली. बुटाच्या खोक्याला फट पाडली, चिठ्ठ्या टाकल्या, बोटाला स्केचपेनची शाई लावली. तुझ्या लेकीनं ते बोट धुऊ दिलं नाही बघ! भाजी निवडतानासुद्धा बाजूला ताठ उभं. मला विचारते, "आजी, तू मत देताना काय विचार करायचीस?" मी म्हटलं, "विचार तुझे आजोबा करायचे, मी नुसता शिक्का मारायचे." तिनं कपाळावर हात मारून घेतला. हसता हसता माझी कवळी निसटली.

निवडून कोण आली? तर शिलाईवालीची लेक. गुणाची पोर, पण बोलताना अडखळते. 'प' आला की गाडी थांबलीच. मी म्हटलं, "अगं, प्रतिनिधीला बोलता यायला नको?" तर खारू म्हणते, "बोलणारे ढीगभर आहेत गं आजी. ती ऐकून घेते." आता बोल! हे सातवीतल्या पोरीला कळतं. मी दुसरीतून उठले म्हणून राहून गेलं असावं माझं.

पण हेडमास्तरांना फुटला घाम. पाहुण्यांपुढे अडखळणारी पोर उभी करायची कशी? त्यांनी परस्पर दुसरीच मुलगी उभी केली, शाळेच्या कमिटीतल्या कुणाची तरी, लाह्या फुटाव्यात तशी बोलणारी. तिनं नागरिकाची सगळी कर्तव्यं घडाघडा म्हणून दाखवली. पाहुण्यांतल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "हिला तुम्हीच निवडून दिलंत ना?" सगळा वर्ग एका सुरात, "होऽऽ!" शिलाईवालीची पोरसुद्धा. हेडमास्तर खूष. आपल्या सवयीनं म्हणाले, "कोणाची काही हरकत नाही ना?"

आपली उठली. "माझी आहे."

आता तूच सांग, हे काय कुणी उत्तर मिळावं म्हणून विचारतं? भाजीवाल्यानं नासका टोमॅटो घातला, हरकत नाही. शेजारणीनं माझी बादली नेऊन फोडून आणली, हरकत नाही. माझा जन्म या दोन शब्दांवर निघाला. पण खारूच्या पुस्तकात आहे म्हणे, नागरिकाला हरकत घेता येते. चाचणीत तोच प्रश्न होता आणि तिला त्याचे पैकीच्या पैकी होते. ती सगळं बोलली, मतं कुणाला पडली, नि उभं कुणाला केलं. चष्मेवाल्या बाईंनी ऐकलं, छानसं हसल्या, घड्याळ बघितलं आणि पुढच्या वर्गात गेल्या. शाळेला शेरा मिळाला 'उत्तम'.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मला तर काय आनंद झाला! मी टाळ्याच वाजवल्या. मग बघते तर पोरगी गणवेशातच पलंगाच्या कडेला बसलेली. शिलाईवालीची पोर तिच्या शेजारून गेली ती मान खाली घालून, असं म्हणाली.

बरं, आता लिहूनच टाकते. खारू गेल्या आठवड्यापासून घरी आहे. शाळेनं वर्गात बसू दिलेलं नाही. मी तुला फोनवर "अभ्यास करतेय" म्हणत होते, ते खरंच आहे. फक्त घरी करतेय.

आज शिलाईवाली अर्धा जिना उतरली नाही तोच हेडमास्तर आणि नागरिकशास्त्राच्या बाई वर आले. मी खुर्चीवरचे कपडे उचलले, चहा टाकला. हेडमास्तरांनी टाइप केलेला कागद पुढे केला. "परीक्षा तोंडावर आलीय, आजी. मुलीची सही, पालकांची सही, की उद्यापासून वर्गात. नाहीतर दाखला काढून न्या म्हणायची वेळ येईल आमच्यावर."

माझं वाचणं तुला ठाऊक आहे, एकेका अक्षराखाली बोट. 'मी पाहुण्यांसमोर खोटे बोलले, त्याबद्दल माफी मागते.' खोटे या शब्दापाशी माझं बोट 'प'वर अडणाऱ्या त्या पोरीसारखं अडलं.

मी विचारलं, "बाई, चिठ्ठ्या मोजल्या कुणी?"

"मीच," बाई म्हणाल्या.

"मग?"

त्या कपात बघत राहिल्या. "चहा निवला, आजी."

हेडमास्तर मध्ये पडले, "बाईंची नोकरी यंदा कायम व्हायचीय. त्यांना कशाला ओढता यात?" तेवढ्यात खारू पडद्याआडून आली. "बाई, मी चाचणीत लिहिलं होतं ते उत्तर चुकीचं होतं का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ओठांवरून कळलं.

मग मी पेन मागितलं. हेडमास्तरांना वाटलं, सहीसाठी. मी 'खोटे' खोडलं आणि वर लिहिलं, 'मोठ्याने'. "हं, एवढं कबूल. मोठ्याने बोलली, त्याची माफी मागेल. तिचा आवाज माझ्यावरच गेलाय."

"अहो आजी, हा शाळेचा कागद आहे! असा बदल करता येत नाही."

"का बरं? तुम्ही अख्खी पोर बदललीत, मी एक शब्द बदलला."

बोलले खरी, पण ते जिना उतरले तशी मी कडी लावली, काढली, पुन्हा लावली. दाखला हातात ठेवला तर परीक्षेच्या तोंडावर कुठली शाळा घेईल तिला? वर्ष गेलं तर तू मला काय म्हणशील? तू जिवाचं रान करतेस ते या पोरीच्या शिक्षणासाठी, आणि मी पेन घेऊन शहाणपण केलं. शिलाईवाली काय चुकीचं बोलली, तिलाही पोर शिकवायचीय.

लेकी, पोर तुझी आहे. सही करावी असं तुला वाटत असेल तर मी अडवणार नाही. पण मग फोन करून तिला तूच सांग. 'तू खोटं बोललीस असं लिही' हे माझ्या जिभेवर यायचं नाही. तीनदा तोंड उघडलं, नि तिन्ही वेळा "जेवतेस का?" एवढंच निघालं.

हेडमास्तर सोमवारी शाळा सुटल्यावर नवा कागद घेऊन येणार आहेत. बाई मात्र चपला घालताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी त्याच दिवशी येते, पण सरांच्या आधी." कशाला ते मी विचारलं नाही, आणि खारूलाही अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी दोन्ही वेळा दार उघडायला घरात असलेली,
तुझी आई