तीन मशीनी, एकच उत्तर

सोम., २ फेब्रु.
मेश्राम काकाले आज टेस्टिंग रूममधून काढून गोडाऊनवर बसवलं. कास्टिंगचा एकच लॉट. टेस्टिंगच्या लिनक्स कम्प्युटरवर पास, सेठजीच्या मॅकवर फेल. सेठजी म्हणे, "मेश्राम ने आँकड़े बदले हैं." काका चष्मा पुसत राहिले. हथखोजच्या या कारखान्यात अकरा वर्षं झाली त्यायले. कम्प्युटरचं सगळं माझ्याकडे, मीच बोलायले पायजे होतं. नाही बोलली.

मंगळ., ३
कच्चे आकडे दोन्हीकडे सेम! एकदा टाकल्यावर काकानं हातही लावला नाही. मग उत्तर वेगळं कावून?
पास-फेल काढते तो प्रोग्रॅम माझा, पण त्याच्या खालचं हिशेबाचं पॅकेज प्रत्येक मशीन आपापल्या ठिकाणाहून घेते. लिनक्सचं वेगळं, मॅकचं वेगळं, रेकॉर्डवाल्या जुन्या बीएसडी सर्व्हरचं तिसरंच. तीन व्हर्जन. मले माहीत होतं हे. चालून राहिलं न, म्हणून सोडलं.
सेठजीले सांगतलं. "तीनों पे एक जैसा दिखाओ, तब मानूँगा." शुक्रवारपर्यंत.

बुध., ४
तिन्ही सिस्टीमवर चालणारी एकच पॅकेज-व्यवस्था घेतली. यादी एक, व्हर्जन ठरलेले, त्याच मूळ कोडमधून प्रत्येक मशीन आपलं आपण बांधते. लिनक्स झालं. मॅक दोनदा अडकला, जेवणानंतर झाला. बीएसडी बांधूनच राहिला...
आई म्हणे, तोंड कावून उतरलं? काय सांगू.

गुरु., ५
बीएसडी पण झाला. तोच लॉट तिन्हीवर चालवला. पास. पास. पास. दशांशापर्यंत सेम. वहीत हातानं काढलं, तेच. खुर्चीतच रडली.
घोळ असा: तडकलेल्या नमुन्याचा रकाना काका नियमानं रिकामा सोडतात. मॅकवरचं जुनं पॅकेज त्याले शून्य धरे. सरासरी खाली.

शुक्र., ६
सेठजीनं तिन्ही स्क्रीन पायल्या, वही पायली. "ठीक है, मेश्राम को वापस बुला लो." बस. माफी-बिफी नाही.
पळतच गोडाऊनवर गेली. काकाले सगळं सांगतलं, माझं पण. "व्हर्जन वेगळे आहेत हे मले माहीत होतं, काका."
त्यायनं तेवढंच विचारलं, "म्हणजे माह्या आकड्यात काहीच नव्हतं?"
"काहीच नाही."
पोत्यावर बसले. "घरी फोन करतो. तुही काकू सोमवारपासून नीट जेवली नाही."
फोन झाल्यावर हळूच म्हणे, "पण बाई, सेठजीनं मले एकदा विचारलं पण नाही."
सोमवारी टेस्टिंगले येता न, म्हटलं. "पाहू."

शनि., ७
काल मस्त झोप लागली, चार दिवसांनी. अंग हलकं झालं.
कॅम्प-१ च्या बाजारात काका-काकू दिसले. काकूनं गर्दीतून हात हलवला, लय हसून. काका वांगे निवडून राहिले होते. कामाचं मी काढलं नाही, त्यायनं पण नाही.
सोमवारी नवीन लॉट आहे. पहिला आकडा काकाच्या हातानंच टाकायचा. आले तर.