एका फोटोचा पॅच

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची वेल्ह्यात! खिडकीतून तोरणा दिसतो, अंगणात घरमालकांच्या शेळ्या. काम झकास आहे, वाड्यावस्त्यांवरच्या जनावरांचं ॲप करायचं. मालक आणि जनावर यांचा एकत्र फोटो हवा. पहिला घरमालकांचाच काढला: आबा, त्यांची बायको सारजाबाई, त्यांची लाडकी चंद्री शेळी. हौसेने मीही मध्ये घुसले. आबा म्हणाले, ताई, तुमी तर आमच्यातल्याच दिसताय. फार बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
भोरच्या ऑफिसातून मंदारने फोनवर काम समजावलं. पॅच म्हणजे बदलांची पुडी. कोडची कुठली ओळ गेली, कुठली आली, सगळं दिसतं. फोटोचं मात्र एवढंच लिहून येतं, ‘फाईल बदलली’. काय बदललं, राम जाणे! उघडून बघत बसलीस तर म्हातारी होशील, सरळ मंजूर कर, म्हणाला. केला. आमच्याच घरच्या फोटोचा होता.

७ नोव्हेंबर
चंद्री दावणीला नाही. बिबट्याने नेली की काय म्हणून मी कळवळले, तर आबा माझ्याकडेच बघत राहिले. त्या नावाची शेळी आमच्यात कवाच नव्हती, म्हणाले. थट्टा करत असतील.

१० नोव्हेंबर
काल त्याच फोटोचा आणखी एक पॅच आला. न बघता मंजूर केला.
आज सारजाबाई एकट्याच चहा घेत होत्या. आबा कुठे, विचारलं. कोन आबा, म्हणाल्या, म्या तर हितं एकलीच ऱ्हाते. कपाळाला कुंकू नव्हतं.
फोटो उघडला. आम्ही दोघीच.

११ नोव्हेंबर
पॅच उलटा लावून पाहिला. लागत नाही. कोडच्या ओळी परत आणता येतात, पण फोटोची जुनी प्रत त्यात नसतेच. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. आबा माझ्यामुळे गेले. आधीच उघडून बघितला असता तर—

१२ नोव्हेंबर
नवा पॅच. या वेळी उघडला. फोटोत सारजाबाई एकट्याच.
नामंजूर केला. परत आला. परत नामंजूर. मंदार फोन उचलत नाही. मेसेज टाकला: नको करूस मंजूर, पाया पडते—

दुपार
मंदारचं उत्तर: मघाशीच केला. आपण कोण?

सारजाबाई दारात. सोबत कुणी बाई. खोली लई दिस रिकामीच हाय, बगून घ्या, म्हणतायत. हाक मारली. ओरडले. बघतही नाहीत—
आत आल्या. कुणाची वही ऱ्हायली म्हणून उचलतायत—
हात माझा अजून—