पोटरीचा थांबा

६ जानेवारी
पायाची मोठी रक्तवाहिनी तुंबली आहे! चालताना पोटरी आवळून येते ती त्यामुळेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला. कळ आली की थांबा, गेली की पुन्हा चाला. मग स्नायू रक्तासाठी हाका मारतो आणि आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावतात, नव्याही फुटतात. 'सत्तरीत नव्या?' 'सत्तरीतही. जरा सावकाश, एवढंच. तीन महिने बघू, नाहीतर ऑपरेशन.'

हायवे बंद पडला की गाड्या गल्लीबोळांतून वाट काढतात, तसंच म्हणायचं. जन्मभर बस चालवली, पाय चालवायचे राहून गेले.

७ जानेवारी
औषधाच्या दुकानाशीच कळ. लाज वाटली. कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवत उभा राहिलो.

२५ जानेवारी
आता कळ थोडी पुढे, चष्म्याच्या दुकानासमोर येते. दुकान चालवणाऱ्या बाई आतूनच म्हणाल्या, 'रोज काचेत काय बघता? आत येऊन बसा.' बसलो. मी बस चालवायचो हे सांगेपर्यंत माझ्या चष्म्याची दांडी न विचारता सरळ करून दिली. वर म्हणतात, 'हा लावून बस चालवायचात? प्रवासी नशीबवान हो.' तिखट बाई आहे!

२ फेब्रुवारी
कळ, खुर्ची, गप्पा. घरी आलो तर सूनबाई म्हणाली, 'बाबा, शीळ घालताय?' घालत होतो.

१६ फेब्रुवारी
घोटाळा. दुकान आलं, कळ आलीच नाही! आली ती पार पेट्रोल पंपापाशी. तिथे काय बघत उभं राहायचं? हवा भरणारा विचारतो, 'आजोबा, गाडी कुठाय?'

१८ फेब्रुवारी
युक्ती सापडली. झपझप चाललं की कळ लवकर येते — बरोबर दुकानाच्या पायरीशी! बाई म्हणाल्या, 'ड्रायव्हरसाहेब, दम खा जरा.' खाल्ला. चांगला तासभर.

८ मार्च
डॉक्टरीणबाई खूश. 'वेग वाढवलात? हेच तर हवं होतं.' पायाचा रक्तपुरवठा सुधारलाय म्हणे. मुलाने पाठ थोपटली. मला मात्र धसकाच बसला. मी कळ गाठायला धावतोय आणि त्यानेच ती आणखी पुढे पळतेय! ऑपरेशन टळलं तर हवंच आहे. पण मग त्या दुकानात बसायचं कोणत्या तोंडाने?

२० मार्च
कितीही धापा टाका, पोटरी ढिम्म. काल लंगडण्याचं सोंग केलं, खपलं. आज पुन्हा केलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'काल डावा दुखत होता ना?'
कान तापले. काहीतरी पुटपुटलो आणि सटकलो.

२७ मार्च
आठवडाभर मागच्या रस्त्याने चालतोय. काही दुखत नाही, आणि करमतही नाही. ही गेल्यापासून घरात सगळे माझ्याशी तब्येतीबद्दलच बोलतात. जीव लावतात, तक्रार नाही. पण बाई माझ्याशी भांडतात, माझी टर उडवतात, माझे रद्दड किस्से ऐकून घेतात. मला त्या आवडतात. झालं, लिहून टाकलं.

४ एप्रिल
ऑपरेशन रद्द! सूनबाईने अख्ख्या इमारतीला सांगितलं. मीही हसलो, मनापासून हसलो. पण ही बातमी जिला सांगायची ती राहिलीच. उद्या जाणार. खरं काय ते सांगून मोकळा होणार.

५ एप्रिल
शटर अर्धं खाली, बाई बूट घालून पायरीवर. एका दमात सांगून टाकलं — पाय बरा झालाय, आता थांबायची गरज नाही.
'ते दिसतच होतं,' म्हणाल्या आणि शटर पुरतं ओढलं. 'मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.'
'कुठल्या डॉक्टरांनी?'
'चौकशा पुरे. आणि हळू चाला, मला बोलायचंय.'