दुसऱ्या अंगठ्याचा थर

४ जून
थायलंडमधल्या अयुथयाजवळच्या हार्ड डिस्कच्या कारखान्यात रुजू झाले! खोली कोपऱ्यातली, पण सूक्ष्मदर्शक माझ्या एकटीचा. डिस्कवरचा वंगणाचा थर डोळ्यांना दिसतच नाही. त्यावर अवरक्त किरण टाकायचे, परत येताना किती कमी झाले ते पाहायचं, म्हणजे थर कशाचा आणि किती जाड ते कळतं. सकाळी यंत्र तपासायला सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्टीवर हातमोजा काढून माझाच अंगठा उमटवते. त्वचेचं तेल लगेच ओळखू येतं.

दुपारी चिकट भाताचा डबा उघडला आणि सवयीनं म्हणून गेले, "या, जेवायला!" खोलीत कुणीच नव्हतं. आमच्या नान गावाकडे इतरांना जेवायला न बोलावता घास घेतला तर आई पाठीत धपाटा घालते. माझं मलाच हसू आलं.

७ जून
पट्टीवर माझ्या अंगठ्याशेजारी दुसरा अंगठा! अगदी पुसट. शेजारच्या विभागातल्या वयस्क पी साएंगना, म्हणजे साएंगताईंना, सांगितलं, तर त्या उडाल्याच. "अगं नोंग, धाकटे बहिणी, त्या खोलीत कुणाला जेवायला बोलावलंस की काय? आधी निरोप दे. जेवण झालं, आता निघा, असं मोठ्यानं म्हण."

मी हो म्हटलं, पण निरोप दिला नाही. आल्यापासून माझ्यासोबत कुणी जेवायला बसलेलं नाही. ती खोली मला खायला उठते.

१२ जून
दुसरा थर जाड होतोय. माझा पातळ. अंगठा तेलकट नाकावर घासून उमटवला, तरी तेच. डब्यातला भात संपतो, माझी भूक तशीच राहते. तरी बरं वाटतं. सोबत आहे कुणाची तरी.

१५ जून
कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होते. वाढणाऱ्या मावशींची, पा तोइंची, नजर माझ्यावरून सरकली. शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाल्या, "काय गं पिकुन, गालावर तेज आलंय हो! इथलं जेवण मानवलेलं दिसतंय."

पिकुन मी आहे.

१६ जून
पी साएंगना हाक मारली. खांदा हलवला. त्यांनी मान वर केली नाही.

पट्टीवर एकच अंगठा — जाड, ठसठशीत — माझा नाही. माझा दाबला. पुन्हा दाबला — काहीच उमटत नाही —

निरोप द्यायला हवा होता. आता देते, आत्ता —

डब्याचं झाकण उघडलं. मी नाही उघडलं. माझ्याच आवाजात कुणीतरी मला म्हणतंय — जेवण झालं, आता नि