मादाम इन्साफची विचारपूस आणि माझे सहा थ्रेड

अलेक्झांड्रिया, ३ मार्च १९९६
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: तीन रेडिओ. जिन्यातला दिवा आपोआप विझवणारं बटण. डिश अँटेना (कबुतरं बसतात, पण चित्र येतं). आणि आता थ्रेड लायब्ररी, ४,२११ ओळी, कॉलेजचं तोंड न बघता. मालक हाज मितवल्लींच्या हज-उमरा कचेरीत एकच प्रोग्रॅम सहा खिडक्या सांभाळणार, प्रत्येक खिडकीला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा. खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हे थ्रेड दिसतच नाहीत. तिला कळायची गरजही नाही. हाज १४ तारखेला पाहणी करणार. पसंत पडलं की तांता आणि दमनहूरच्या शाखाही माझ्याच. रेडिओचं दुकान मेव्हण्याला देऊन टाकलं.

५ मार्च, सकाळी ९.४०
सुरू केलं. विजेसारखं.

९.५५
सहाही खिडक्या ठप्प. एंटर दाबलं तरी पुढचा प्रश्न येईना. दोन नंबरच्या खिडकीवरच्या मादाम इन्साफ एका म्हातारीला नाव विचारून तिच्या गुडघ्यांकडे वळल्या होत्या. अकरा मिनिटांनी नाव टाइप झालं, सगळं सुरू. योगायोग.

७ मार्च
योगायोग नाही. एक थ्रेड कीबोर्डची वाट बघत बसला की सिस्टिम अख्ख्या प्रोग्रॅमला झोपवते, कारण बाकीचे पाच तिला ठाऊकच नाहीत. घरी हे दिसलं नाही, कारण घरी मी एकटाच टाइप करत होतो, आणि माझा हात जलद आहे. दोष सिस्टिमचा. थोडा मादामचा. नियम लावला: नाव विचारल्यावर विचारपूस बंद. त्या म्हणाल्या, साहेब, माणूस मक्केला चाललाय आणि मी त्याच्या आईची खबर न घेता बटणं बडवू? तुमच्या यंत्राला आई नाही वाटतं.

१० मार्च
कीबोर्डवर उत्तर तयार आहे का ते थ्रेडनं आधी विचारावं, मगच वाचायला जावं, असा एक मार्ग पुस्तकात आहे. भित्र्या लोकांसाठी. ४,२११ ओळींना हात लावणार नाही.

१२ मार्च
मादामनी परस्पर दारात कोरे कागद ठेवले. गिऱ्हाइकानं नाव, बापाचं, आजोबांचं नाव, गुडघे, सगळं तिथेच उरकायचं आणि कागद घेऊन खिडकीवर यायचं. आज एकदाही ठप्प नाही. लायब्ररी रुळली.

१४ मार्च
पाहणी. हाज स्वतः चार नंबरवर बसले. तेवढ्यात त्यांचे व्याही आले. व्याह्यांच्या हातात कागद कोण देणार? वीस मिनिटं कुटुंबाची चौकशी, सहाही खिडक्या ठप्प, रांग रस्त्यापर्यंत. हाजनी विचारलं, मी बोललो तर पलीकडची पोरगी का थांबते? सांगितलं, सिस्टिमला माझे थ्रेड दिसत नाहीत. म्हणाले, मलाही दिसत नाहीत.

१८ मार्च
हाजनी कैरोहून दुसरी लायब्ररी आणवली. तिच्यातला प्रत्येक थ्रेड सिस्टिमला दिसतो म्हणे. मादाम दिवसभर बोलतात, बाकीचे पाच काम करतात. टिकणार नाही. मेव्हण्याकडे दुकान परत मागितलं. म्हणाला, दाजी, पाटी बदलली.

२१ मार्च
हाजचा निरोप. कागदांची पद्धत गिऱ्हाइकांना आवडली आहे, ती ठेवायची. मी दारात बसावं, कोणाचा कागद भरून तयार आहे ते विचारावं, तयार असेल त्यालाच आत सोडावं. मादाम म्हणाल्या, ही जागा तुमच्यासाठीच होती, साहेब, यंत्रात तेवढी बसवायची राहिली. स्पष्ट नकार दिला. महिना दोनशे दहा पौंड ठरले, चहा धरून.