न चाखलेली आमटी

माय, आज देवीच्या नैवेद्याची आमटी केली. नैवेद्याआधी चाखायचं नाही, ही तुझीच शिकवण. पिंपळगावच्या घरात मी एकदा पळीला बोट लावलं, तर तू फाडकन हातावर मारलंस. "देवीच्या आधी तुला पायजे का? मीठ हाताला कळतंय!" अजून दिसतेस. बरणीत हात घालतेस, न बघता खडे मीठ पातेल्यात टाकतेस, आणि वर प्रत्येकाच्या पानातही चिमूटभर वाढतेस. आमटी खारट व्हायची, पण आपल्या घरात त्यालाच चव म्हणत. तू जाडजूड, मावशी जाडजूड, आणि बाबा कौतुकानं म्हणायचे, "खात्यापित्या घरचे हायेत." मग एका सकाळी अंगणातच तुझं एक अंग लुळं पडलं. त्यातून तू काही उठली नाहीस.

आता मीही तुझ्याच मापाची झालेय. माझं मेलं सोड, पण तुझी नात? पंचविशी गाठायच्या आत वजन हाताबाहेर, वर बीपीची गोळी. भोकरदनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जाडी थोडी घराण्यातूनच येते. आणि ज्यांच्यात ती मुळातच असते, त्यांना जास्त मीठ आणखी जड जातं, असं दिसतंय. रक्त बदलता येत नाही ताई, मीठ कमी करता येतं." तेवढ्या शब्दावर मी भिस्त ठेवली. मापाचा चमचा आणला, पानातलं मीठ बंद केलं, पापड-लोणचं माळ्यावर टाकलं. पोरगी रोज नाक मुरडायची, "मम्मी, दवाखान्यातलं जेवण करून राह्यली का तू?" पण बिचारी जेवायची.

आज चाखायची सोय नव्हती. चमचा ओट्यावरच होता, आणि माझा हात सरळ बरणीत गेला. नैवेद्य दाखवून पानं वाढली, पोरीनं पहिलाच भुरका मारला आणि डोळे मिटले. "आज कुठं आमटी झाली बघ! आजीची अशीच ऱ्हायची का गं?" माय, तिनं तुला पाहिलंसुद्धा नाही. ही चव तिला कुणी सांगितली?

वाटी ओढून घ्यायला हवी होती. रक्तावर नाही तर नाही, मिठावर तरी माझं चालतं, असं धरून बसले होते. तेही चालत नाही. तुझा राग येतोय, आणि तुझी आठवणही येतेय. हा कागद मी कुठं धाडणार? खरं तेवढं सांगते. तिनं वाटी पुढं केली, आणि मी परत वाढली.