जिन्यातले सहा इंच

७ जानेवारी
दूध नासलं. सकाळीच डोकं फिरलं. मग फोन. इथल्या आर्किटेक्ट मंडळींच्या संघटनेचा. यंदाचा जीवनगौरव ह्यांना! मृण्मयीच बोलत होती, ह्यांच्या ऑफिसात शिकलेली, आता तिथली सेक्रेटरी. "काकू, सरांचं नाव एकमताने झालं." मला भरूनच आलं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मी जिवंत आहे हे कळलं म्हणजे त्यांना." आणि पेपरात तोंड घातलं. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

९ जानेवारी
समारंभ ठाण्याला, पंचवीसला. जाणार कसं? तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हॉस्पिटलातून ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ह्यांना चादरीत घालून वर आणलं. दोन वर्षं झाली, खाली उतरलेलेच नाहीत. "गाठोडं होऊन पुन्हा जायचं नाही मला," म्हणतात. म्हणजे मीही नाही. भाजी, औषधं, बँक, की परत वर.
मला जायचंय. इथे तरी लिहिते. चांगली साडी नेसून चार माणसांत बसायचंय मला.

१२ जानेवारी
जयेश म्हात्रे टेप घेऊन आला. तळमजल्यावरचा. त्याच्या आजोबांच्याच जमिनीवर ही बिल्डिंग. "काका, कनाला टेन्शन घेता? आमी हाव ना." चाकांची खुर्ची जिन्यात नेऊन बघितली. वळणावर अडते. हे पलंगावरूनच ओरडले, "नाही वळणार! साडेतीन फूटच आहे तो!"
बिल्डिंगचा नकाशा ह्यांचाच. जिना चार फुटांचा व्हायचा होता, त्यातले सहा इंच काढून ह्यांनी स्वयंपाकघरांना दिले. ओटे मोठे झाले. तेव्हा सगळ्या बायकांनी कोण कौतुक केलेलं! तिशीत कुणाला म्हातारपण सुचतं?
कंबर धरलीये. बाम संपला.

१५ जानेवारी
मृण्मयी आलेली, मानपत्र वाचून दाखवायला. गृहिणीच्या सोयीचा विचार करणारे वगैरे. छान लिहिलंय पोरीने. हे म्हणाले, "जिन्याचं घातलंस का त्यात?" ती हसली. हे नाही हसले.
मग ती म्हणाली, "सर, त्रास नको, आम्हीच येतो घरी शाल घेऊन." हे लगेच, "हां, तेच बरं." मी चहा घेऊन येत होते. म्हटलं, "नाही. ते येतील."
ती गेल्यावर जुंपली. "तुला शालीची एवढी हौस?" म्हटलं, "शाल घाला चुलीत. खाली उतरायची हौस आहे मला. तुम्हाला घेऊन." कंटाळा आलाय भांडायचासुद्धा.

१८ जानेवारी
जयेश आणि त्याची आई, काकी, येऊन बसली. जयेश बोलून गेला, "काका, तवा लिफ्टला हो बोलला असता तर आज..." काकींनी डोळे वटारले. खरं आहे पण. सोसायटीने मागच्या बाजूला बाहेरून लिफ्ट लावायची म्हटलेली, ह्यांनीच मीटिंगमध्ये हाणून पाडली. स्वयंपाकघरांच्या खिडक्या झाकल्या जातील, उजेड जाईल म्हणून. मला तेव्हा बरंच वाटलं. माझ्या खिडकीतून म्हात्र्यांचं जांभळाचं झाड दिसतं, वाळत घातलेली मासळी, भांडणं, सगळं. दिवसभरात तेवढंच बाहेर जाणं माझं. (रीडेव्हलपमेंटवाले बिल्डर येतात, चहा पितात, जातात. ते सोडूनच द्या.)
हे एकदम म्हणाले, "जयेश, बिनहातांची लाकडी खुर्ची बघ. आणि चार जण. वळणावर कठड्यावरून उचलावी लागेल."
मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

२५ जानेवारी
साडी इस्त्री. गोळ्या पर्समध्ये. पाण्याची बाटली. ह्यांचा कोट सैल होतोय, पिन लावली. चार वाजता जयेश आणि त्याच्याबरोबरची मुलं येतील उचलायला.

२६ जानेवारी
समोरच्या शाळेत सकाळपासून देशभक्तीपर गाणी.
काल उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडलीच. मुलं घामाघूम. हे म्हणाले, "थांबा जरा," आणि भिंतीवर हात ठेवून बसले. "इथे कमी पडतात सहा इंच." ऑफिसात ज्युनियरना सांगायचे, त्याच आवाजात. मग कठड्यावरून उचललं. मी डोळे मिटून घेतले. देवा!
हॉल भरलेला. ह्यांना बोलायला लावलं. म्हणाले, "ओट्यांचा विचार केला, म्हाताऱ्यांचा केला नाही. आपण होऊ, हे डोक्यातच आलं नाही." लोकांना गंमत वाटली, टाळ्या वाजल्या. मी सगळ्यांत बसून दोन बटाटेवडे खाल्ले. किती जणी भेटल्या!
येताना शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. बिल्डिंगखाली मुलं उचलायला तयार, तर हे म्हणतात, "आज वर नको." काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे इथंच, आमचा हॉल मोकलाच हाय." झालं. हे खाली, मी शाल आणि नारळ घेऊन वर, एकटी. वाटलं झोप लागणार नाही. दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा जाग आली. लाजच वाटली जरा.

२८ जानेवारी
हे अजून खालीच. मी डबा घेऊन वरखाली, गुडघे बोंबलतायत. हे मात्र मजेत! अंगणात खुर्ची टाकून बसतात, येणाराजाणारा थांबून बोलतो. काल जयेशला ट्रेसिंग पेपर आणायला पाठवलं.
आज डबा दिला तर म्हणाले, "बस." झाडाखालून मागच्या भिंतीकडे बोट केलं. "सगळ्या बाजूंनी बघितलं. लिफ्ट इथेच बसते, दुसरीकडे कुठेच नाही. तुझी खिडकी जाईल. उजेड जाईल, झाड जाईल. सगळ्या बायकांना विचारायला हवं, पण आधी तुला. चालेल?"
चाळीस वर्षांत कुठल्याच बिल्डिंगबद्दल मला विचारलं नव्हतं. उठून वर आले. जिना चढताना तीनदा थांबले.
खिडकीशी गेले. खाली हे मान वर करून माझ्याकडेच बघत होते. हाक मारली, "अगं, घाई नाही!"
अजून सांगितलेलं नाही. रात्रीची आमटी गॅसवर आहे. ती झाली की खाली न्यायचीच आहे.